बिनफुलांची वाकळ

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या कशा साठतात ते कुणाला सांगता येत नाही. सकाळी झाडून घ्यावं, तर दुपारी पुन्हा पाय बुडेपर्यंत. किश्श्यांचंही तसंच आहे. त्यात मी मुळात कमी बोलणारा. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन निघून जातो. त्यामुळे माझे किस्से कुणाला दिलेच गेले नाहीत, नुसते साठत गेले. लिहिण्यात एक बरं असतं, मध्ये कुणी बोलत नाही. शाळा माझी लवकर सुटली, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

ही सगळी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही रहिमतपूरचे, शेतकरी. मी पलटणीत भरती झालो, पण तिथं माझ्या हातात बंदुकीऐवजी सुई आली. पलटणीचा दर्जी झालो. पुढं लॉरीतून पडून पाय दुखावला आणि मला घरी पाठवलं. मग पेठेत, कडुलिंबाच्या झाडाखाली एक लहान दुकान घेऊन मशीन मांडलं. 'शेतकऱ्याचा दत्तू शिंपी झाला!' म्हणून गाव हसलं, आणि हसून झाल्यावर कपडे शिवायला घेऊन आलं.

दुकानापुढच्या ओट्यावर दुपारी बायका वाकळा शिवायला बसायच्या. वाकळ म्हणजे गोधडी. चिंध्या माझ्या, सावली कडुलिंबाची आणि हुकूम सोनाक्काचा. सोनाक्काचं सासर जतकडचं. बोलण्यात कानडी हेल. नवरा गेल्यावर ती भावाकडं, बापूंकडं राहायला आली. बापूंची मुलगी चंद्रा तिच्या शेजारी बसून शिवायची.

गावातल्या सगळ्या पोरी मला 'दत्तूदादा' म्हणत. चंद्रा तेवढी 'आवं शिंपी' म्हणायची. यावर मी बरेच दिवस विचार केला.

तर त्या सुमाराला सोनाक्कानं चंद्राच्या लग्नाची वाकळ शिवायला काढली होती. लग्न अजून ठरलं नव्हतं. बापूंना जावई हवा होता तो भरपूर जमिनीचा, नाहीतर पलटणीतला. माझ्याकडं जमीन थोडी, पलटण सुटलेली आणि मशीन एक. आणि मला चंद्रा फार आवडत होती. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

*

सोनाक्काचा एकच कायदा होता. वाकळीत फुलाफुलांचं कापड नको. एकरंगी पाहिजे.

पेठेतल्या कापडवाल्याची आई, पारूबाई, एकदा गुलाबांची फुलं छापलेलं चीट घेऊन आल्या. नवं कोरं, खळीचा वास येणारं.

"सोनाक्का, नातवासाठी ह्याची वाकळ कर. फुलं आली पाहिजेत हां!"

सोनाक्कानं ते कापड दोन बोटांत धरलं, ओलं मांजर धरावं तसं.

"बाई, एक रंग म्हंजी एक मानूस. नीट बघता येतं त्येच्याकडं. ह्या कापडात बाजार भरलाय. डोळा टेकायचा कुठं?"

"मला बाजारच आवडतो," पारूबाई म्हणाल्या. "कर तू."

सोनाक्का पुढं वाद घालत बसली नाही. वाकळ तयार झाली. वरून निळी, मध्ये तांबडी, कडेला हळदीसारखी पिवळी. पारूबाईंनी उलटी केली, सुलटी केली.

"अगं, फुलं कुठायत?"

"हायती की."

"कुठं?"

"आतल्या थरात. उबंला निजल्यात. उठवू नगासा!"

पारूबाई रागारागानं गेल्या. पण धुतलेली वाकळ उन्हात वाळत घातली की आतली फुलं पुसट दिसायची. मग काय! पारूबाई जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवायला लागल्या.

"बघा, बघा. आमच्या घरात फुलं आत असतात!"

*

रंग निवडायची सोनाक्काची एक रीत होती. ती टवके, म्हणजे कापडाचे तुकडे, रस्त्याच्या धुळीत शेजारी शेजारी मांडायची, मग रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीला टेकायची आणि डोळे अगदी बारीक करून बघायची.

"डोळं बारीक केलं की कापड जातं आनि रंग तेवढा ऱ्हातो," ती म्हणायची. "कोन उजेडातला, कोन सावलीतला, लगेच कळतं. समदं उजेडातलं घेतलं तर वाकळ झगमगती, झोप लागत न्हाई. समदं सावलीतलं घेतलं तर मग घोंगडं काय वाईट?"

एकदा अशाच पाच-सहा जणी भिंतीला ओळीनं उभ्या, सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले. गावात नवीन बदलून आलेले हवालदार त्याच वेळी सायकलवरून चालले होते. सगळ्या बाया आपल्याकडं अशा बघतायत म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. पुढं गेले. थांबले. सायकल वळवून परत आले. तरी डोळे तसेच! चंद्रानं तर मान जराशी वाकडीसुद्धा केली होती.

हवालदार टवक्यांच्या मधोमध सायकल उभी करून घसा खाकरत म्हणाले, "काय बायांनो, काही काम होतं का?"

सोनाक्कानं डोळे उघडले नाहीत.

"व्हा बाजूला हवालदार. खाकी मधी आली की समदं रंग मरत्यात!"

त्या दिवसापासून हवालदार कोपऱ्यावरच सायकलवरून उतरायचे आणि लांबून विचारायचे, "येऊ का?"

*

मग कंट्रोल आलं. कापड रेशनच्या दुकानातून मिळणार, तेही जे येईल ते. एका खेपेला हिरवी ठाणं आली. नुसती हिरवी. कच्च्या चिंचेसारखा उग्र रंग. दुसरं काही नव्हतंच, म्हणून सगळ्या गावानं तेच घेतलं. त्या हंगामात मी शर्ट, बंड्या, चोळ्या, पिशव्या, सगळं हिरवं शिवलं. बेंदराच्या सणाला बैलाची झूल हिरवी, बैल धरणारा हिरवा आणि बघणारेही हिरवे!

बाजाराच्या गर्दीत एक म्हातारी नवरा समजून भलत्याच माणसाच्या शर्टाचं टोक धरून घरापर्यंत गेली.

मी विचारलं, "मग कळलं कसं, आजी?"

"दारात आल्याव कळलं. म्हनलं, आज ह्यो भांडत कसा न्हाई?"

माझ्या मशीनखाली हिरव्याशिवाय चिंधी नव्हती. मी सोनाक्काला म्हटलं, "अक्का, औंदा वाकळ व्हत न्हाई."

"थांब की," ती म्हणाली. "घाई तुला कवापास्नं झाली?"

ती थांबली. हळूहळू तेच शर्ट फाटून चिंध्या होऊन यायला लागले. तिनं ते धुळीत मांडले, तेव्हा मीसुद्धा मशीन सोडून बघायला गेलो. एकही हिरवा दुसऱ्यासारखा नव्हता! मळ्यात राबणाऱ्याच्या पाठीचा हिरवा वाळल्या गवतासारखा झालेला. गिरणीवाल्याच्या बंडीवर जणू कायमचं पीठ बसलेलं. गुराख्याचा पावसानं निवळलेला. आणि कापडवाल्याच्या शर्टाचा, गादीवर बसून बसून, पहिल्या दिवशी होता तसाच.

"ह्येला कुठं लावू?" चंद्रानं तो कापडवाल्याचा टवका उचलला.

"मधी लाव," सोनाक्का म्हणाली. "राबला न्हाई बिचारा. निदान दिसू तरी दे!"

*

माझा पलटणीतला सोबती शिदू आफ्रिकेच्या लढाईतून रजेवर आला. आला तो थेट ओट्यावर येऊन बसला.

"सोनाक्का, मला एक वाकळ पायजे. पन पिवळं नगं. मातकट नगं. भुरकं तर दावूच नगंस. डोळं मिटलं तरी वाळूच दिसती मला."

सोनाक्कानं चिंध्यांतून जितके म्हणून ओले रंग होते तेवढे काढले. उसाच्या पाल्याचा हिरवा. शेवाळाचा. विहिरीत वाकून बघितल्यावर दिसतो तो काळपट निळा. शिदूच्या बायकोनंही आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ कापून दिला.

वाकळ मिळाली तशी शिदूनं ती विहिरीजवळच्या आंब्याखाली अंथरली आणि दुपारभर झोपला. मी भेटायला गेलो, तर डोळे न उघडताच म्हणाला, "उसात झोपल्यागत वाटतंय गड्या."

पलीकडून बायकोचा आवाज आला, "व्हय का? मग उठा आनि त्या उसाला पानी पाजा!"

रजा संपली. जाताना त्यानं वाकळ नेली नाही, घरीच ठेवली. बायकोला म्हणाला, "मी येईस्तवर तू पाज पानी."

ती रोज वाकळ उन्हात घालायची, संध्याकाळी झटकून घडी करायची. एकाही दिवसाचं ऊन तिनं चुकवलं नाही. लढाई संपली आणि शिदू धडधाकट परत आला, तोवर वाकळीचे हिरवे पार फिके पडले होते.

शिदूनं हात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "पानी कमी पडलं वाटतं!"

बायको एवढी भांडखोर, पण त्या दिवशी तिनं आधी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

*

आता माझ्या फेट्याचं.

माझ्या पांढऱ्या फेट्यावर मशीनचं तेल सांडलं. नवं कापड मिळायचं नाही, म्हणून म्हटलं रंगवून घ्यावा. रंगाऱ्यानं सांगितलं, कांद्याच्या साली आणि तुरटी टाकून उकळ. साली कमी पडल्या, तेव्हा आईनं अंदाजानं बाभळीची साल टाकली. तपेल्यातून जो रंग बाहेर आला, त्याला नाव नव्हतं.

भाजीवाली म्हणाली, "काकवी हाय."

कुंभार म्हणाला, "छे! कच्ची इट."

आई म्हणाली, "माझं तपेलं ग्येलं."

बापू पेठेतून जाताना थांबले, मागं-पुढं होऊन बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "दत्तू, फेट्याला ताप आलाय का रं?"

सगळी पेठ हसली. तालुक्यात कुठंही गेलो तरी लोक डोक्यावरून ओळखायला लागले. मी तो फेटा बदलून टाकणार होतो. पण चंद्रानं ओट्यावरूनच डोळे बारीक केले. फेट्याकडं बघितलं, शेजारच्या दोरीवर टाकलेल्या निळ्या शर्टाकडं बघितलं, मग तांबड्या खणाकडं.

"ह्यो रंग सोता कायबी बोलत न्हाई," ती म्हणाली. "पन शेजारी कुनाला बी बसवा. त्यो खुलतो."

एवढं बोलून ती सुईत दोरा ओवायला लागली. मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या गळ्याला बाही लावली.

*

चंद्राची वाकळ मात्र वाढत चालली होती. तिच्या आईच्या लुगड्याचा डाळिंबी रंग, आत्याच्या म्हणजे सोनाक्काच्या लग्नातला जांभळा, बापूंच्या जुन्या मुंडाशाचा लाल, कंट्रोलचा हिरवा. सगळे एकरंगी, आणि सगळे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर राहून आलेले. मधोमध एक चौकोन तेवढा मोकळा होता. तिथं खाली अस्तराला घातलेलं पांढरं धोतर दिसायचं.

त्या चौकोनाला सोनाक्का वाकळीचं पोट म्हणायची. तिच्या सासरकडची ती रीत. पोटाला जे कापड लावायचं ते नवऱ्या मुलाच्या घरचं पाहिजे, वापरलेलं पाहिजे, आणि ते त्यांच्याकडं मागायचं नाही. त्या घरानं आपणहून द्यायचं. त्याच्याखाली तांदळाची चिमूट ठेवायची आणि मग शिवून टाकायचं.

मी विचारलं, "तांदूळ... कशाला... अक्का?"

"उपाशी वाकळ ऊब देती व्हय रं?"

*

रंगाऱ्यानं रंगवलेलं कापड पक्कं की कच्चं, हे बघायची रीत बायकांची ठरलेली. कापडाचं टोक तोंडात धरून चघळायचं. रंग उतरला की कापड परत.

एकदा सोनाक्कानं लाल कापड चघळलं आणि तिचे ओठ लालभडक झाले. तशीच ती तरातरा निघाली, तर वाटेत देवळाचा गुरव भेटला. विधवा बाईनं विडा खाल्लेला बघून त्याचा हात गालावर गेला.

"अक्का! इडा? तुमी?"

"इडा न्हाई रं, रंगाऱ्याचं काम हाय ह्ये. त्येच्या दारात जाऊन थुकनार व्हते. तू कशाला मधी आलास?"

गुरव लगबगीनं बाजूला झाला. हे सांगून ठेवतो, कारण पुढच्या किश्श्यात तोंडाचाच घोटाळा आहे.

*

चंद्राला वडूजचं स्थळ आलं. जमीन भरपूर आणि मुलगा पलटणीत नाईक. बापूंना आणखी काय हवं! ते स्वतः माझ्या दुकानात आले, हातात कोट.

"दत्तू, ह्याची बटनं सैल झाल्यात. उद्या पाव्हनं पोरगी बघाया येनार. पक्की लाव बरं का."

मी लावली. दुहेरी दोरा घालून लावली. दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रा दुकानात आली.

"आवं शिंपी, निळं कापड हाय का?"

"हाय की. रंगाऱ्याचं पक्कं..."

"पक्कं नगं. कच्चं द्या."

"कच्चं... ते... कशाला..."

माझं वाक्य संपेपर्यंत तिनं चिंध्यांच्या पेटीतून हवा तो टवका काढला आणि ती गेलीसुद्धा.

पुढचं मला सोनाक्कानं सांगितलं. पाहुणे बसले. पोहे झाले. चंद्रा खाली मान घालून पाटावर येऊन बसली. मुलाच्या मामांनी मायेनं विचारलं, "नाव काय, बाळ?"

"चंद्रा."

ओठ निळे! दात निळे! जीभ निळी!

मामांच्या हातातली कपबशी खाली आली. "अरं, पोरीला जनावर डसलं! साप! साप!"

एकच गोंधळ. विष चढलं की कडुलिंबाचा पाला गोड लागतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून कोणीतरी धावत आला आणि माझ्या दुकानावरच्या कडुलिंबाची फांदी ओरबाडून घेऊन गेला. कुणासाठी म्हणून विचारायला मी तोंड उघडलं, तोवर तो दिसेनासा झाला होता.

चंद्रानं मूठभर पाला तोंडात टाकला. शांतपणे चावला. सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत होतं.

"कसा लागतोय, पोरी?"

"ग्वाड," चंद्रा म्हणाली. "लय ग्वाड हाय. आनकी द्या."

पाहुण्यांनी गाडी जुंपली. निघताना मामा हात जोडून म्हणाले, "पोरगी वाचली तर कळवा."

बापूंनी चंद्राला खांद्यावर टाकलं आणि विष उतरवायला देवळाकडं पळत सुटले. मागं सोनाक्का, मागं निम्मं गाव. माझ्या ओट्यापाशी आल्यावर चंद्रा त्यांच्या कानात म्हणाली, "बापू, खाली उतरवा. वाकळीचं कापड चघळलं व्हतं. रंग हाय."

बापूंनी तिला खाली ठेवलं. बराच वेळ त्यांना श्वासच पुरेना. मग म्हणाले, "मग पाला ग्वाड कसा लागला गं?"

"भूक लागली व्हती."

बापू माझ्या ओट्यावर मटकन बसले. मी पाण्याचा तांब्या दिला. ते प्यायले, आणि एवढं पळूनही जागच्या जागी असलेला आपला कोट त्यांनी खालीवर चाचपून बघितला.

"बटनं मातुर पक्की लावलीस गड्या," ते म्हणाले.

तिला कच्चा निळा कशाला हवा होता, हे माझं विचारायचं राहिलं ते राहिलंच.

*

वडूजच्या लोकांनी ही गोष्ट वाटेतल्या गावागावांत सांगितली. चंद्राला स्थळं यायची थांबली. बापू पेठेतून जाताना माझ्या फेट्याची चेष्टासुद्धा करीनात. वाकळ पुरी झाली होती, पोट सोडून. बायका तिच्याकडं बघायच्या आणि विषय बदलायच्या. सोनाक्काच एकदा हळूच म्हणाली, "पोरीची वाकळ अशीच घडी करून ठेवावी लागती का काय!" चंद्रानं ऐकलं. त्या दिवशी तिच्या बोटाला दोन वेळा सुई टोचली.

बाजाराचा दिवस होता. ऊन द्यायला म्हणून सोनाक्कानं वाकळ दुकानापुढं अंथरली. चंद्रा सवयीनं रस्ता ओलांडून भिंतीला टेकली आणि तिनं डोळे बारीक केले.

"काय कमी हाय गं?" सोनाक्कानं ओट्यावरून विचारलं.

मधला पांढरा चौकोन तेवढा उन्हात चमकत होता.

मी मशीन थांबवलं. मला सुचायला वेळ लागतो, पण सुचलं की हात थांबत नाहीत. मी डोक्यावरचा फेटा सोडला. फळीवर पसरला, चौकोनाचं माप घेतलं आणि मधोमध कात्री चालवली. तुकडा घेऊन खाली उतरलो आणि वाकळीच्या पोटावर ठेवला. मग परत मशीनवर येऊन बसलो.

तेव्हा आमच्या पेठेत पुरुषमाणूस उघड्या डोक्यानं बसलेला दिसला, तर लोकांना एकच सुचायचं. घरात कुणीतरी गेलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!

गिरणीवाला पहिला आला. "दत्तू, आई बरी हाय न्हवं?"

"आई... बरी..."

"थोरला भाऊ?"

"त्यो..."

भाजीवालीनं पाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. पारूबाई आल्या, कोण गेलं ते न विचारताच रडायला लागल्या. "सोन्यासारखं माणूस हो!" शिदू धावत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ज्यानं त्यानं विचारावं आणि माझं उत्तर निम्म्यावर असताना दुसऱ्यानं विचारावं!

गर्दी बघून बापू आले. लोकांनी वाट दिली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दत्तू," ते म्हणाले, "कोन ग्येलं रं?"

बापू तेवढे एकटे विचारून थांबले. म्हणून माझं वाक्य पुरं झालं.

"कोन ग्येलं न्हाई, बापू. आमच्या घरात मानूस यायचं हाय. तुमी व्हय म्हनला तर."

बापूंनी माझ्या उघड्या डोक्याकडं बघितलं. मग खाली वाकळीकडं. त्या रंगाला नाव नव्हतं, पण तो कुणाच्या डोक्यावरचा हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्याच्याभोवती डाळिंबी, लाल, जांभळा, हिरवा असे उजळले होते, जणू आत्ताच कोणी दिवा आणून ठेवला. बापूंनी रस्त्यापलीकडं बघितलं. चंद्रा भिंतीला टेकून उभी होती, डोळे बारीक केलेले. ती वाकळीकडंच बघत होती.

बापूंनी आपलं मुंडासं सोडलं आणि माझ्या डोक्याला गुंडाळायला लागले. एकेक वेढा ओढून, आवळून. मला थोडं दुखलं. मी हललो नाही.

सोनाक्कानं पदराची गाठ सोडली. चिमूटभर तांदूळ तुकड्याखाली सारले आणि ती खाली बसून शिवायला लागली.

इतक्यात हवालदार कोपऱ्यावर सायकलवरून उतरले. त्यांना दिसली ती गर्दी, रडणाऱ्या पारूबाई आणि मधोमध उघड्या डोक्याचे बापू. ते सायकल तशीच टाकून पळत आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "अरेरे! बापू, कोण गेलं?"

सोनाक्कानं दातांत दोरा तोडला. मान वर केली नाही.

"व्हा बाजूला हवालदार," ती म्हणाली. "आनि डोळं बारीक करून बघा!"